भेंडवळची घट मांडणी आणि पाषाणचे गणकयंत्र

मागच्या हंगामातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. गव्हाणीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि आकाश सगळे काळवंडून आलेले. आम्ही वजनकाट्याजवळच्या टपरीवर चहाला उभे होतो. एका तरुण सभासदाने खिशातून मोबाईल काढला, त्यावर बोट फिरवले आणि जाहीर केले, "आज काई येत नाई. उद्या दुपारी तीनले येते."

बाकावर बसलेले एक वयस्क सभासद, ज्यांना सगळा गट काकाजी म्हणतो, ते बिडी विझवत म्हणाले, "भेंडवळले सांगतलं होतं बाप्पा, औंदा अवकाळी हाये म्हणून. तुया मोबाईल कायले पायतं?"

पाऊस आला तो रात्री आठला. कारखान्यावर चार थेंब पडले आणि नदीपलीकडच्या शिवारात मात्र बांध फुटेस्तोवर कोसळला. दुसऱ्या दिवशी दोघेही त्याच बाकावर बसून आपलेच खरे ठरले असे सांगत होते. मोबाईलवाला म्हणे, इथे तर पडला नाही ना. काकाजी म्हणे, पडला तर खरा ना. तिसरा एक सभासद मात्र काही बोलत नव्हता. नदीकाठच्या त्याच्या फडात टोळी उतरलेली होती. दोन ट्रॅक्टर चिखलात बसले, तोडलेला ऊस चार दिवस शेतातच पडून राहिला. तोडलेला ऊस पडून राहिला म्हणजे काय होते हे आमच्या सभासदांना सांगायला नको. दर दिवसाला वजन घटते, साखरही उतरते. टोळी बसून खाते ते वेगळेच.

तेव्हापासून आमच्या डोक्यात हा विषय घोळतो आहे. आजकाल विज्ञानाच्या बातम्या जो तो वाचतो. गणकयंत्र, उपग्रह, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द आता पारावरसुद्धा ऐकू येतात, आणि त्यावर मते तर प्रत्येकालाच आहेत. आमचीही आहेत. पण मत देण्याअगोदर माहिती करून घ्यावी या विचाराने आम्ही थोडी चौकशी केली, ती येथे देत आहोत.

आधी घरचे पाहू. भेंडवळ हे आपल्याच जिल्ह्यातले, घाटाखालचे, जळगाव जामोद तालुक्यातले गाव. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात तेथे घट मांडतात. गोल आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये ठेवायची. मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, वडा, भजे, कुरडई, करंजी असे पदार्थ. पानविडा आणि सुपारी म्हणजे राजा व त्याची गादी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही. पहाटे वाघ घराण्यातील महाराज घटाची पाहणी करतात. कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ भिजले, कोणते कोरडे राहिले, यावरून पाऊस, पिके, रोगराई, देशाचे अर्थकारण सगळे सांगितले जाते. चंद्रभान महाराजांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही परंपरा सुरू केली असे सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिच्यावर आक्षेप घेत आले आहेत, आणि त्याच पहाटे विदर्भ-खान्देशातून शेतकरी हजारोंनी तेथे जमतातही.

आम्ही लहानपणी वडिलांबरोबर तेथे गेलेलो आहोत. त्या पहाटेच्या गर्दीत एक गोष्ट तेव्हाही जाणवली होती. लोक नुसते भाकीत ऐकायला येत नाहीत. औंदा कपाशी किती, तूर किती, कोणते बियाणे कुठून आणायचे, याची चर्चा तेथेच होते. पेरणीच्या तोंडावर चार जिल्ह्यांचे शेतकरी एका शेतात भेटतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे भेंडवळची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही.

आता गणकयंत्राकडे वळू. हवामान गणिताने सांगता येईल ही कल्पना तशी जुनी आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालविणारा लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ होता. त्याने हवेचा दाब, वारा, उष्णता यांची समीकरणे हाताने सोडवून सहा तासांचा अंदाज काढून पाहिला. त्याला आठवड्यांमागून आठवडे लागले, आणि उत्तर आले ते असे की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल! प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. पण हा गृहस्थ खरा प्रामाणिक. आपली ही फजिती त्याने १९२२ साली पुस्तकात जशीच्या तशी छापली, आणि पुढे लिहिले की ६४,००० माणसे एका मोठ्या दालनात बसवून एकाच वेळी आकडेमोड करतील तर जगाचे हवामान वेळेवर काढता येईल. तेवढी माणसे काही बसली नाहीत. १९५० साली अमेरिकेत एनिॲक नावाच्या गणकयंत्रावर पहिला अंदाज निघाला. चोवीस तासांचा अंदाज काढायला यंत्राला जवळपास चोवीस तासच लागले. म्हणजे उद्याचे हवामान कळेपर्यंत उद्या उजाडलेला!

आपल्या देशाची कथा तर याहून रंजक आहे, आणि तिच्यात वऱ्हाडचा वाटा आहे. १९८० च्या दशकात भारताने मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचे महासंगणक मागितले. बरीच घासाघीस झाली. शेवटी मागितलेल्यापेक्षा लहान यंत्र मिळाले, तेही फक्त हवामानासाठीच वापरायचे या अटीवर. ते दिल्लीला बसले. तेव्हा आपणच असे यंत्र का करू नये म्हणून १९८८ साली पुण्याला सी-डॅक ही संस्था निघाली. तिची धुरा दिली गेली डॉ. विजय भटकर यांच्याकडे. भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ साली 'परम ८०००' हा भारताचा पहिला महासंगणक तयार झाला. वऱ्हाडातल्या खेड्यातला मुलगा अमेरिकेने न दिलेले यंत्र पुण्यात उभे करतो, ही बातमी कळली त्या काळी आमच्या शाळामास्तरांनी वर्गात पेढे वाटले होते. आता त्याच अकोल्याच्या शेजारी आपण बसून गणकयंत्राला शहरातले खूळ म्हणतो याचे आम्हाला जरा नवल वाटते.

सध्या पुण्याला पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिची स्थापना १९६२ ची. तेथे २०१८ साली 'प्रत्यूष' नावाचे यंत्र बसले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्क' नावाचे त्याहून मोठे. नोएडाला त्याचेच भावंड 'अरुणिका' आहे. दोन्हींचा खर्च ८५० कोटी रुपये. 'अर्क'चा वेग ११.७७ पेटाफ्लॉप असे छापून येते, पण पेटाफ्लॉप म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. जुन्या माणसांनी शाळेत एकं, दहं, शतं घोकलेले आठवत असेल. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. त्यातले अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्ये. तितक्या आकडेमोडी एका सेकंदात केल्या म्हणजे एक पेटाफ्लॉप. असे पावणेबारा अंत्य दर सेकंदाला. रिचर्डसनला हे कळते तर त्याने काय केले असते देव जाणे.

इतके असून मग काट्यावर पाऊस का चुकला?

याची दोन कारणे आम्हाला समजली. पहिले कारण चौकोनांचे. गणकयंत्र सगळी पृथ्वी जाळ्यासारखी चौकोनांत वाटून घेते आणि एका चौकोनाला एकच हवामान धरते. २०१८ पासून आपल्याकडे हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. आपला बुलढाणा जिल्हा साधारण ९,६०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे सगळ्या जिल्ह्याला मिळून ६७ च्या आसपास चौकोन. घाटावरचे मेहकर-चिखली आणि घाटाखालचे मलकापूर-शेगाव यांतला फरक त्यात कसाबसा मावतो. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा, म्हणजे जिल्ह्याला आता २६७ च्या आसपास चौकोन झाले. फरक चौपटीचा आहे, मोठा आहे. पण उन्हाळ्या-हिवाळ्यातला अवकाळी ढग दोन-तीन किलोमीटरचाही असतो. तो या चौकोनाच्या एका कोपऱ्यात बरसून जातो आणि दुसऱ्या कोपऱ्यात धूळ उडत राहते. नदीपलीकडे नेमके हेच झाले असावे.

दुसरे कारण अधिक मुळाचे आहे. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे शास्त्रज्ञ गणकयंत्रावर हवामानाचा एक नमुना चालवीत होते. एकदा त्यांनी ०.५०६१२७ हा आकडा घालण्याऐवजी कंटाळून ०.५०६ एवढाच घातला आणि ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन पाहतात तो यंत्राने अगदीच वेगळे हवामान काढून ठेवलेले. चार हजारात एका भागाच्या फरकाने महिन्या-दोन महिन्यांचे चित्र पालटले होते. पुढे त्यांनी दाखवून दिले की हवेचा स्वभावच असा आहे. सुरुवातीचे मोजमाप कधीच अगदी तंतोतंत नसते, म्हणून अमुक तारखेला अमुक गावी पाऊस हे साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे कोणत्याही यंत्राला सांगता येणार नाही. यंत्र कितीही मोठे आणा. तेव्हा पंधरा जुलैला पाऊस येणार हे जून महिन्यात जो छातीठोकपणे सांगतो, तो मोबाईलवर सांगो की व्हिडिओत सांगो, त्याचे ऐकून लागवडीचा मुहूर्त ठरवू नये.

हंगामाचा एकूण अंदाज ही वेगळी बाब. तो समुद्राच्या तापमानावरून काढतात. त्यातही मोठमोठ्या चुका झालेल्या आहेत. २००२ साली हवामान खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. जुलै सगळा कोरडा गेला. आमच्या कित्येक सभासदांना त्या वर्षी उभा ऊस जनावरांना घालावा लागल्याचे आठवत असेल. खात्याने मात्र ती चूक कबूल केली, पुढच्या वर्षी पद्धत बदलली आणि तसे जाहीर केले. आमच्या मते भेंडवळ आणि पाषाण यांतला खरा फरक येथे आहे. "कुठे कमी, कुठे जास्त, पीक साधारण" असे भाकीत चुकूच शकत नाही. आणि जे चुकूच शकत नाही त्याची सुधारणा कशी करायची?

विज्ञानाचे हे असे असते. आपल्या लोणारचेच घ्या ना. विवराचे वय आधी सुमारे ५२,००० वर्षे सांगत, पुढे खडकातल्या आरगॉन वायूवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगाव काय काय बोलले गेले ते आम्ही ऐकले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून क्षार वाढले होते, म्हणून ते माजले. पाऊस पडून पाणी वाढले, रंग गेला. असो.

आता कामाचे बोलू. हवामान खात्याची भाषा नीट समजून घेतली तरी अर्धे भांडण मिटेल. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे वाचले म्हणजे आपल्याला वाटते, पाऊस तुरळक, म्हणजे थोडा. तसे नाही. तुरळक हा शब्द ठिकाणांना लागतो, पावसाला नाही. शंभरपैकी पंचवीसपर्यंत ठिकाणी पडेल, पण जिथे पडेल तिथे धो धो पडू शकतो. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत, त्याच्यावर पंचाहत्तरपर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'. जोरदार पाऊस म्हणजे चोवीस तासांत साधारण ६५ मिलिमीटरच्या वर, अति जोरदार म्हणजे ११५ च्या वर, अत्यंत जोरदार म्हणजे २०४ च्या वर. त्या सायंकाळी तरुण सभासदाच्या मोबाईलवर 'तुरळक ठिकाणी' असेच लिहिलेले होते. आम्ही नंतर मागून पाहिले.

हा ६५ चा आकडा आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तरच शासन अतिवृष्टी धरते. आणि पाऊस मोजायचा तो मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. 'महावेध' योजनेत २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रे उभी झाली, मंडळाला एक. एका मंडळात वीस-पंचवीस गावे असतात. तुमच्या शिवारात शंभर मिलिमीटर पडला आणि केंद्रावर चाळीस, तर कागदावर चाळीसच. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत नदी-नाल्यांनी शेते खरवडून नेली, तेथे प्रश्नच नव्हता, सगळीकडेच कोसळला. पण एरवीच्या वर्षी बांधाच्या अलीकडे-पलीकडे न्याय-अन्याय होतो तो या एका यंत्राच्या जागेवरून.

आमची तक्रार गणकयंत्राबद्दल नाही, ती शेवटच्या टोकाबद्दल आहे. अंदाज निघतो पुण्याला, दिल्लीला. तो मराठीत, उसाला पाणी द्या की थांबा, युरिया टाका की चार दिवस राहू द्या, असा शेतकऱ्याला समजेलसा सांगायला देशभर कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष उघडले होते. ते मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ८५० कोटींची यंत्रे आली. इंजिन नवे घ्यावे आणि पाइपलाइनचा शेवटचा तुकडा काढून न्यावा तशातला हा प्रकार झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेचेही बरेच विचारले जाते. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने ऊस शेतीत हा प्रयोग चालविला आहे. जमिनीत ओलाव्याचे सेन्सर, शेतात छोटे हवामान केंद्र, वरून उपग्रहाची छायाचित्रे, आणि सगळ्यांचा मेळ घालून पाणी व खत केव्हा द्यायचे याचा निरोप मोबाईलवर. राज्य शासनानेही २०२५ मध्ये यासाठी धोरण आणले. आमचा त्याला विरोध मुळीच नाही. पाण्याची बचत होत असेल तर खडकपूर्णा आणि पेनटाकळीच्या लाभक्षेत्रातल्या आपल्यासारख्यांना ती हवीच आहे. पण ही चर्चा चालू असताना काकाजींनी एक प्रश्न केला. "ते यंत्र म्हणीन सकाळी सहाले पानी द्या. अन् लाईन येते रातीच्या बाराले. मंग मी कोनाचं आइकू?" त्यावर कोणालाच उत्तर देता आले नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही मुळीच मतभेद ठेवणार नाही. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' नावाचे ॲप याच पाषाणच्या संस्थेने केले आहे. वीज चमकली की तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात. देशभर बसविलेली यंत्रे त्या पकडतात आणि वीज कुठे पडत आहे ते काढतात. आपल्यापासून वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत विजा पडू लागल्या तर मोबाईल सांगतो. फडात तोडीला बायामाणसे असतात, लेकरे असतात, आणि आभाळ आले की सगळी झाडाखाली धावतात. प्रत्येक टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलमध्ये हे असलेच पाहिजे. ते फुकट आहे.

बाकी भेंडवळ खरे की मोबाईल खरा, हा वाद बोलून मिटणार नाही, मोजूनच मिटेल. म्हणून गट कार्यालयाजवळ आम्ही एक फळा लावायचे ठरविले आहे. एका रकान्यात आदल्या दिवशीचा खात्याचा अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस. मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सरळ कडांचा, वरून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा उघड्यावर, झाडापासून दूर, खिळवून ठेवायचा आणि सकाळी साडेआठला त्यात मोजपट्टी बुडवायची. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. २५ मिलिमीटर पडला म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी फुकट मिळाले, तेवढे मोटारीने ओढायचे वाचले, हेही त्यावरून कळते. ज्या सभासदांना आपल्या शिवाराची नोंद पाठवायची असेल त्यांनी ती तारीख-वार गटाच्या स्लिप बॉयकडे द्यावी. पंचनाम्याच्या वेळी मंडळाच्या आकड्यासमोर ठेवायला आपल्याजवळ आपला कागद असेल. शासन तो मानील न मानील, पण कागद असावा.

हा बेत काकाजींना सांगितला तेव्हा त्यांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "तिसरा रकाना पाडा. भेंडवळचा." आम्ही तो पाडला आहे.